दोन वाक्यांत आटोपणाऱ्या माणसाशी दोन तास

आरमोरी तालुक्यातल्या एका गावात वाचनालय चालवणाऱ्या तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा: झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या मुलखातले, जुने नट, पेटीवाले, आमच्याकडचे लिहिणारे, गाणाऱ्या बाया यांच्या तास-दोन तासांच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या आहेत, पूर्वी टीव्हीवर असायच्या तशा. एक सेकंडहँड कॅमेरा आहे, एक फोन आहे. काही जणांशी करून पाहिलं, पण सगळे दोन वाक्यांत आटोपतात. एक काकाजी तर ‘मले काय येते जी, सारे संग होतो’ म्हणून उठूनच गेले. कुठे अडतंय? आणि एवढं लांबलचक आजकाल पाहतं कोण?

तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात ते लिहिलेलं नाही, पण अंदाज बांधतो: ‘काकाजी, तुमच्या आजवरच्या प्रवासाबद्दल सांगा.’ हल्ली टीव्हीवरची बहुतेक मुलाखत याच वाक्याने सुरू होते, त्यामुळे कॅमेरा लावला की ते आपोआप तोंडातून निघतं. मुंबईच्या नटाला त्याचं उत्तर पाठ असतं. वडशाच्या नाटक कंपन्यांमध्ये हंगामामागून हंगाम काढलेल्या माणसाला आपल्या जगण्याला प्रवास म्हणायची सवय नसते. तो रात्री नाटकात होता आणि दिवसा धानाच्या बांधीत होता. त्यात सांगण्यासारखं काय, हे त्याला खरंच समजत नाही. काकाजी उठून गेले तो विनय नव्हता. तुमच्या प्रश्नाला त्यांच्याकडे तेवढंच उत्तर होतं.

लांब मुलाखती करण्यात माझं कामाचं आयुष्य गेलं. त्यातून एवढं नक्की सांगतो, की माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारावं आणि अगदी बारीक विचारावं. आयुष्य त्यात आपसूक येतं, न विचारता, आणि जास्त खरं येतं.

बारीक म्हणजे किती? गॅसबत्तीच्या उजेडात तोंडाला सफेदा किती जाड लावायचात, आणि गावात वीज आल्यावर तो किती कमी केलात? माईक नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवायला ते कुठे तोडायचात? आडून वाक्यं सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरचा आवाज एखाद्या रात्री ऐकूच आला नाही तर काय करायचात? रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटेपर्यंत चालायचा, मग तीन-साडेतीनला लोक पेंगू लागले की प्रवेश गुंडाळायचा की गाणं वाढवायचं, आणि हे ठरवायचं कोण, नट की पायपेटीवाला? खलनायकाचं काम केल्यावर सकाळी त्याच गावात जेवायला वाढणाऱ्या बाईने तुमच्याकडे कसं पाहिलं? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फक्त त्याच माणसाकडे आहे आणि यातल्या कोणत्याच प्रश्नाचं उत्तर ‘खूप संघर्ष केला’ असं देता येत नाही. संघर्ष या शब्दापासून तर लांबच राहा. तो उच्चारलात की माणूस वर्तमानपत्रातल्या भाषेत बोलू लागतो, आणि त्या भाषेतून त्याला परत बाहेर काढायला अर्धा तास जातो.

आपल्याच मुलखात याचा उस्ताद होऊन गेला. गाडगेबाबांचं वांद्र्याचं १९५६ सालचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, ते ऐका. भक्तीसाठी ऐकायचं असेल तर तसंही ऐका, पण एकदा वही घेऊन फक्त प्रश्न टिपत ऐका. वऱ्हाडी बोलीतले चार-पाच शब्दांचे प्रश्न, ज्याचं उत्तर समोरच्या कुणालाही देता येईल असे. एका प्रश्नाच्या पोटातून पुढचा निघतो. हजारो माणसं ज्याला उत्तर देतात तो प्रश्न किती लहान असतो, ते तिथे कळतं. फरक एवढाच, की बाबांना लोकांना कुठे नेऊन सोडायचं ते आधीपासून ठाऊक असायचं. आपल्याला ते ठाऊक असता कामा नये. प्रश्नाची मापं त्यांच्याकडून घ्या, मुक्काम घेऊ नका.

आता तुम्ही म्हणता त्या टीव्हीवरच्या मुलाखतींकडे वळू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांतून लेखक-कलावंतांशी निवांत बोलायची रीत मराठीत पडली. पण स्टुडिओ वरळीला. जो वरळीपर्यंत पोचला त्यालाच प्रश्न विचारला गेला. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री नाटकाला बांधलेला झाडीपट्टीचा नट तिकडे कशाला फिरकतो? म्हणजे तुम्ही जे करायला निघालात ते पूर्वी होतं आणि बंद पडलं, असं निदान आपल्या भागापुरतं तरी नाही. ते बरंचसं झालेलंच नाही.

बाहेरच्या देशांतल्या काही मुलाखती मात्र शिकण्यासाठी जरूर पाहा. भाषा कळली नाही तरी चालेल, माणसं कशी बसली आहेत ते पाहा. बीबीसीवर १९५९ ते १९६२ या काळात जॉन फ्रीमन मुलाखती घ्यायचा. त्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. पाठमोरा बसलेला, आणि कॅमेरा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर खिळलेला. १९५९ मध्ये त्याने म्हाताऱ्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगला विचारलं, आता तुमचा देवावर विश्वास आहे का? युंग ‘आता?’ एवढंच म्हणतो आणि थांबतो. फ्रीमन गप्प राहतो. मग युंग म्हणतो, अवघड आहे सांगणं, मला माहीत आहे. विश्वास ठेवायची गरज नाही, मला माहीत आहे. त्या थांबण्यात फ्रीमनने तोंड उघडलं असतं तर पुढचं वाक्य जगाला मिळालं नसतं. माझा मदतनीसांना नियम असायचा: उत्तर संपलं असं वाटलं की मनात हळूहळू दहा आकडे मोजायचे, मगच पुढचा प्रश्न. गावाकडच्या माणसाला तर वीस मोजा. तो सुपारी कातरून घेतो, दाराकडे पाहतो, आणि मग खरं सुरू करतो.

जर्मन टीव्हीवर १९६४ मध्ये ग्युंटर गाउसने विचारवंत हाना आरेंट यांची मुलाखत घेतली. सुरुवातीलाच त्याने त्यांची ओळख तत्त्वज्ञ म्हणून करून दिली, आणि त्यांनी तिथल्या तिथे ती नाकारली. आपला विषय राजकीय सिद्धान्त आहे, तत्त्वज्ञांच्या वर्तुळात मी नाही, असं सांगितलं. गाउसने ते कापलं नाही, सारवासारव केली नाही, उलट तोच धागा पुढे ओढला. तुमच्याकडेही हे होणार. तुम्ही एखाद्याला ‘लोककलावंत’ म्हणाल आणि तो म्हणेल, ‘मी लोककलावंत नाही, नट आहे.’ तिथे घाबरू नका. विचारा, फरक काय? दोघांच्या मधल्या भिंतीबद्दल तो जे बोलेल ते कोणत्याही विद्यापीठाच्या प्रबंधात सापडायचं नाही.

तिसरी मुलाखत खास तुमच्यासाठी. स्पेनच्या सरकारी टीव्हीवर होआकिन सोलेर सेरानो १९७६ ते १९८१ या काळात लेखक-कलावंतांशी सविस्तर बोलायचा. बोर्हेस, कोर्तासार, दाली असे एकेक बोलके. १९७७ मध्ये त्याच्यासमोर मेक्सिकोचा हुआन रुल्फो बसला. खेड्यावर लिहिणारा, नावावर दोन बारीक पुस्तकं, आणि स्वभावाने इतका मिटलेला की एकेक उत्तर ओठांपर्यंत येऊन परत जातं की काय असं वाटावं. ती मुलाखत आज, जवळजवळ पन्नास वर्षांनी, इंटरनेटवर लोक शोधून पाहतात. ‘एवढं लांब कोण पाहतं’ याचं माझं उत्तर हेच. प्रसारणाच्या दिवशी किती जणांनी पाहिलं यावर असल्या कामाचा हिशेब होत नाही. आज शंभर जणांनी पाहिलं तरी हरकत नाही, फक्त नातवाला पाहायचं असेल तेव्हा ते शाबूत असलं पाहिजे. जपण्याबद्दल पुढे बोलतो.

पण आधी वेळ आणि जागा, कारण अर्ध्या मुलाखती इथेच बुडतात.

तुमच्या भागात कॅमेऱ्याचं पंचांग शेतीच्या आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, पंचांगावर बसवावं लागतं. दिवाळी ते होळी नट दिवसा झोपलेला असतो. झोपला नसेल तर पुढच्या गावाच्या गाडीत असतो. त्याला उठवून बसवलंत तर त्याचा चेहराही झोपेचा आणि उत्तरंही. होळीनंतर हंगाम संपतो, थोडी उसंत असते, पण मोहफुलं सुरू झालेली असतात आणि मेमध्ये घरातली माणसं तेंदूपत्त्याला जातात. शिवाय चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना म्हणजे कूलर. कूलर चालू ठेवलात तर आवाज मातीत, बंद केलात तर म्हातारा माणूस घामाने हैराण. पावसाळ्यात टिनाच्या छपराखाली बसलात तर एका सरीत सगळं ऐकू येणं बंद, आणि रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, कुणाला वेळ नसतो. मला विचाराल तर पोळ्यानंतरचे दिवस धरा. रोवणी आटोपलेली, कापणी लांब, तालमींचं वारं नुकतं सुटलेलं, आणि नटाच्या डोक्यात येणारा हंगाम घोळू लागलेला. कवी, भजनी, गाणाऱ्या बाया यांच्यासाठी धान घरात आल्यावरची थंडी बरी.

टिनाऐवजी कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर मिळालं तर तिथेच बसा. आवाज मऊ येतो. ओसरीत, भिंतीकडे पाठ न करता, उजेड एका बाजूने येईल असं बसवा. चक्की, मळणीयंत्र, शाळेचा भोंगा यांच्या वेळा आधी विचारून ठेवा. कोंबडा आरवला तर आरवू द्या. ते त्याचंच गाव आहे, स्टुडिओ नाही.

यंत्रांबद्दल फार नाही सांगत. चित्र फोनचं चालेल, आवाज फोनचा चालणार नाही. पैसे खर्च करायचेच तर वायरवाल्या कॉलर माईकवर करा आणि दुसऱ्या फोनवर आवाज वेगळा भरत राहा, एक बिघडला तर दुसरा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. घरातल्या ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली सेकंदाला ३० फ्रेमवर चित्र घेतलंत तर ते थरथरतं. म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. फोन विमान मोडवर टाका, उन्हात ठेवू नका, तापला की मधेच बंद पडतो. जुने डीएसएलआर कॅमेरे अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबतात, ते बसल्या जागेवरून दिसेल असं कुणालातरी पाहायला ठेवा. फोनवर फुल एचडीत तासाला साधारण ४ ते ८ जीबी जागा लागते, ती घरून निघण्याआधी मोकळी करा.

या थांबण्यावरून आठवलं. आमच्या पिढीत सोळा मिलिमीटर फिल्मचं ४०० फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालायचं. मग खांद्यावरची यू-मॅटिक व्हिडिओ यंत्रणा आली, तिची कॅसेट वीस मिनिटांची. बीटाकॅमची लहान कॅसेट अर्ध्या तासाची. मुलाखत घेणाऱ्याच्या अंगात ते घड्याळ भिनायचं, आणि कॅसेट बदलताना समोरचा माणूस सैल होऊन असं काही बोलून जायचा की सगळे एकमेकांकडे बघत राहायचे. तुमच्याकडे ती अडचण नाही. तिचा फायदा मात्र घ्या: ‘झालं आपलं’ म्हणा, चहा मागवा, आणि कॅमेरा चालूच आहे हे स्पष्ट सांगून चालू ठेवा. लपवून नाही. सांगितलं तरी माणूस सैल होतोच.

टीव्हीची एक खोड म्हणजे माणसाला एकटं बसवायची. स्टुडिओत ते शोभतं. गावात कुणी एकटं बोलत नाही, ‘सारे संग होतो’ हे तुमच्या काकाजींनी सांगितलंच आहे. त्यांच्या त्या वाक्यातच तुमची मुलाखत होती. विचारायचं होतं, सारे म्हणजे कोण कोण? मग नावामागून नाव निघालं असतं: पडदेवाला, पायपेटीवाला, तबलजी, बायकांची कामं करणारा पुरुष, स्वयंपाकाला नेलेला पोरगा. आणि पुढच्या वेळी त्यांतला एक म्हातारा शेजारी बसवा. दोन म्हातारे एका प्रसंगाबद्दल वाद घालतात तेव्हा तुम्ही गप्प बसायचं आणि बॅटरीकडे लक्ष ठेवायचं. घरधनीणही बसू द्या. ‘हे सांगतात तसं नव्हतं जी’ अशी तिने आतून दिलेली एक हाक तुमच्या दहा प्रश्नांच्या वर जाते. बाकी शेजारीपाजारी, पोरं आणि उपसरपंच यांना मात्र गोडीने बाहेर काढा. प्रेक्षक जमला की नट नट होतो.

बाईशी बोलायचं असेल तर एक बाई सोबत न्या. घरातला पुरुष तिच्या वतीने उत्तरं देऊ लागला तर त्याला कामाला लावा, झाडाखालचा उजेड बघायला पाठवा. गाणं म्हणून घेतलंत की एवढ्यावर थांबू नका. हे कडवं कुणी जोडलं, तुम्ही जोडलं का, कोणतं कडवं तुम्ही सोडून दिलं आणि का, हे विचारा. पारंपरिक म्हणून शिक्का मारला की गाणं जोडणारी बाई नाहीशी होते. माडिया किंवा गोंडी बोलणारा माणूस असेल तर त्याच्याच भाषेत बोलू द्या. दुभाषा वाक्यावाक्याला तोडत राहिला तर सांगणं मरतं. उत्तर पूर्ण होऊ द्या, मग दुभाष्याकडून थोडक्यात समजून घ्या, आणि नीट भाषांतर नंतर घरी करा.

तुम्ही स्वतः कोणत्या बोलीत विचारता? पुस्तकी मराठीत विचारलंत तर समोरचाही शाळेच्या कवायतीसारखा ताठ होऊन पुस्तकी बोलायचा प्रयत्न करतो आणि निम्मं गमावतो. तुम्ही त्याच मातीतले आहात, हे तुमच्याकडचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, मुंबईहून येणाऱ्या कुणाकडे ते नाही. झाडीबोलीत विचारा, लिहून काढताना तिला सुधारू नका. लांबच्या प्रेक्षकासाठी खाली प्रमाण मराठीत ओळी द्यायच्या तर द्या.

आता विचारवंत. तुम्ही यादीत ते धरले नाहीत, मी धरतो. खेड्यात विचार करणारा माणूस म्हणजे बाहेरून आलेला समाजसेवक, असा एक समज आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा घ्या. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यास गटात विषयाचा काथ्याकूट होतो. तिथले ग्रामनेते देवाजी तोफा यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांना भेटायलाच हवं. पण तिथल्या विचारपद्धतीची मुलाखत एका माणसाला खुर्चीत बसवून होईल का, याची मला शंका आहे. मी आज तिथे गेलो तर गटातल्या चार-पाच जणांना गोल बसवीन आणि एकच गोष्ट विचारीन: ज्या विषयावर तुमचं वर्षभर एकमत होत नव्हतं असा एखादा विषय सांगा. ते कसं झालं, कोण शेवटपर्यंत अडून बसलं, त्याला मनवलं की त्याचंच खरं निघालं? विचार कसा घडतो ते अशा उत्तरांतून दिसतं. ग्रामविकासाबद्दल आपलं मत काय, असं विचारलंत तर भाषण मिळेल.

विषय वाटून घेण्याची आणखी एक तऱ्हा आहे. फ्रान्सचा तत्त्वज्ञ जिल दल्यूझ टीव्हीवर यायला तयार नसे. १९८८-८९ मध्ये त्याची माजी विद्यार्थिनी क्लेर पार्ने हिच्याशी तो बोलला, ते वर्णमालेच्या अक्षरांनुसार: एका अक्षराला एक विषय. सात-साडेसात तासांचं ते बोलणं नव्वदच्या दशकाच्या मध्यात दाखवलं गेलं. विषय त्याला आधी माहीत होते. आपल्याकडच्या नटासाठी अक्षरांऐवजी वस्तू घ्या. जुनं हँडबिल, पेटीतली तलवार, मिशा, हिशेबाची वही. एकेक वस्तू हातात द्या. हात ओळखतात ते तोंड विसरलेलं असतं.

त्यासाठी आधी एकदा कॅमेऱ्याशिवाय जाऊन या. पण त्या भेटीत मुख्य गोष्टी ऐकून घेऊ नका. एकदा सांगितलेला किस्सा दुसऱ्यांदा सांगताना गुळगुळीत होतो, आणि ‘त्या दिवशी सांगितलं ना तुले’ हे वाक्य तर मुलाखतीला बसलेली गोळी आहे. पहिल्या भेटीत फोटो बघा, हँडबिलांचे फोटो काढा, तारखा जुळवा, कुणाशी पटत नव्हतं ते दुसऱ्यांकडून काढा.

तारखांवरून माणसाला छळू नका. ‘कोणत्या साली?’ विचारलंत की तो अंदाजाने काहीतरी फेकतो आणि तेच पुढे छापलं जातं. खुणा द्या. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, १९८२ मध्ये, त्याच्या आधी की नंतर? गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, १९८८ मध्ये, तेव्हा तुम्ही कोणत्या कंपनीत? वडशावरून छोटी रेल्वे धावायची तेव्हाचं की मोठी लाइन झाल्यावरचं? गोंदिया भंडाऱ्यातून वेगळं निघालं, १९९९ मध्ये, तेव्हा पोरगी लग्नाची झाली होती का? दोन खुणांच्या मधे साल सापडतं.

डोळ्यांत पाणी आलं तर काय करायचं, हेही ठरवून ठेवा, कारण ते येणार आहे. १९६० मध्ये त्याच फ्रीमनने गिल्बर्ट हार्डिंग या ब्रिटिश टीव्हीवरच्या लोकप्रिय माणसाला मृत्यूबद्दल विचारत नेलं. हार्डिंगने आईचा मृत्यू पाहिला होता. त्याचा आवाज फुटला, डोळे भरले, आणि कॅमेरा तसाच जवळ राहिला. ते दृश्य अजून चर्चेत असतं. हार्डिंग त्याच वर्षाअखेर वारला. मी तरी जवळचं चित्र तिथे सोडून देतो. पाणी द्या, विषय बदला, नंतर विचारा की हे ठेवायचं का. आजच्या चॅनेलवाल्यांना मागे पियानो वाजवत ते अश्रू विकायचे असतात, तुम्हाला नाहीत. आणि काकाजींचा मुलगा, सून, नात हेच तुमचे पहिले प्रेक्षक आहेत, हे विसरू नका.

संमती कागदावर अंगठा घेऊन नको. कॅमेऱ्यासमोर, त्यांच्या शब्दांत घ्या: हे कुठे दाखवायचं, काय दाखवायचं नाही, त्यांच्यामागे कुणाला विचारायचं. जातीवरून, कंपनीच्या मालकावरून, मंडळाने बुडवलेल्या पैशांवरून काही बोलले असतील तर दुसऱ्या दिवशी ते परत ऐकवा. काढ म्हणाले तर दाखवायच्या प्रतीतून काढा. मूळ प्रतीत ठेवायचं की नाही तेही त्यांनाच ठरवू द्या.

आणि पैसे द्या. टीव्हीवर येण्याचा मान हाच मोबदला, असं म्हणायची आमच्या धंद्यात जुनी सवय आहे. नटाने एक पूर्ण दिवस दिला तर निदान त्याच्या एका नाईटचं, म्हणजे प्रयोगाचं, मानधन पाकिटात घाला. वाचनालयाकडे पैसा नसेल तर आधी वर्गणी काढा, मग कॅमेरा काढा.

संकलनाबद्दल: तुमचा प्रश्न ठेवा, त्यांचं थांबणं ठेवा. मागे बासरी नको, ड्रोनमधून गाव नको. छोटे तुकडे फोनवर फिरवायला काढलेत तरी चालेल, पण पूर्ण मुलाखत कुठे आहे ते प्रत्येक तुकड्यावर लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या मिनिटाला कशाबद्दल बोलणं आहे याचा साधा तक्ता. दोन तासांत कुठे काय आहे हे माहीत नसेल तर ती मुलाखत असून नसल्यासारखी.

जपण्याचं सांगतो म्हणालो होतो. टेप महाग होत्या तेव्हा जुनं पुसून नवं भरायची पद्धत जगभर होती. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही १९६०-७० च्या दशकांतले कितीतरी कार्यक्रम असेच पुसले. आज पुसायची गरज नाही, पण मेमरी कार्ड मोकळं करण्याच्या घाईत तेच होतं. मूळ फाइल जशीच्या तशी दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. तिसरी प्रत इंटरनेटवर. फाइलच्या नावात माणसाचं नाव, गाव, तारीख. दरवर्षी एकदा डिस्क लावून फाइली उघडतात का ते पाहा. त्या घराला एक पेन ड्राइव्ह द्या.

राहिलं सुरुवात कुणापासून. मोठ्या नटापासून नको. एखाद्या झाडीपट्टीच्या कलावंताला पद्मश्री मिळते, २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना मिळाली तशी, म्हणजे नावाजलेल्यांकडे कॅमेरे जातात, उशिरा का होईना जातात. तुम्ही प्रॉम्प्टर शोधा. अख्खं नाटक त्याला पाठ, प्रत्येक नट कुठे अडखळायचा ते त्याला माहीत, आणि त्याला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. बोलण्याची संधी मिळाली की तो थांबणार नाही, तुमचा हात बसेल. त्याच्या बोलण्यातून पुढच्या दहा जणांना विचारायचे प्रश्न मिळतील. मग उठून गेलेल्या काकाजींकडे जा, आणि त्या प्रॉम्प्टरलाच सोबत घेऊन जा.